सल्लाही आमचाच, औषधही आमचंच : कृषी केंद्राच्या काउंटरवरची नीती

काउंटरवरून :

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, पण पूर्ण वाचा आणि मनापासून सांगा.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला एका बाजाराच्या गावात माझं कृषी केंद्र आहे. अकरा हंगाम झाले. बियाणं, खत, कीटकनाशक असे तिन्ही परवाने आहेत. निम्म्याहून जास्त माल उधारीवर जातो. कापूस-सोयाबीन विकलं की दिवाळीच्या मागंपुढं पैसा येतो, नापिकी झाली की येत नाही. ही रीत विदर्भातल्या लोकांना सांगायला नको.

गोष्ट गेल्या भादव्यातली. शेजारच्या गावातल्या एक मावशी आल्या. चार एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला कंपनीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच-सहा पानं. "भाऊ, पऱ्हाटी लाल पडून रायली. काय मारू?" मी पानं उलटीपालटी करून पाहिली. कडा लाल, शिरा हिरव्या, रस शोषणारे तुडतुडे नावापुरते. त्या पंधरवड्यात पाण्यानं उसंत दिली नव्हती आणि त्यांचं वावर खोलगट आहे, हे मला ठाऊक होतं. म्हणजे लाल्या. यावर मॅग्नेशियम सल्फेट, दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम. जमलं तर सोबत दोन टक्के डीएपी खत. एकरी दहा पंप, पंधरा लिटरचा पंप, चार एकराला सहाशे लिटर पाणी. सहा किलो मॅग्नेशियम. अडीचशे रुपयांच्या आतबाहेरचं काम. पुड्या माझ्या पाठीमागच्याच रॅकवर होत्या.

मी त्यांना पिकाच्या टॉनिकच्या बाटल्या दिल्या आणि जोडीला एक कीटकनाशक. बिल २,३४० रुपये. वहीत मांडलं.

का दिलं ते सांगतो. कंपनीची स्कीम होती, ठरलेल्या बाटल्या खपवल्या की चार दिवसांची टूर. माझ्या चाळीस बाटल्या कमी होत्या. टूरला मी जाऊन आलो.

पुढं काय झालं ते जास्त अवघड आहे. पाऊस उघडला, ऊन पडलं, वावरातलं पाणी निथळलं आणि नवी पानं हिरवी आली. ती कशानं आली हे मला माहीत आहे. पण बाजाराच्या दिवशी मावशी दुकानावर आल्या आणि दहा गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, "या भाऊनं माही पऱ्हाटी वाचवली." जाताना टोपलीभर सीताफळं ठेवून गेल्या. घरी कोणाला मी ती खाऊ दिली नाहीत. कारण विचारलं तर सांगता आलं नाही.

मुलगी अमरावतीला एम.कॉम. करते. दिवाळीत आली तेव्हा तिचा व्यवसायातील नीतिशास्त्राचा अभ्यास चालू होता. मोठ्यानं वाचता वाचता म्हणाली, "बाबा, हे ऐका, तुमच्यासारखाच दुकानदार आहे." कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं १७८५ मध्ये दिलेलं उदाहरण. एक दुकानदार अनुभव नसलेल्या गिऱ्हाइकाकडूनही जास्त पैसे घेत नाही. लहान मूल आलं तरी भाव तोच. कांट विचारतो, हा प्रामाणिक आहे म्हणून असा वागतो, की गिऱ्हाईक टिकावं म्हणून? दुसरं असेल तर वागणं बरोबर आहे, पण त्याला नैतिक मोल नाही.

मुलगी पुढच्या पानावर गेली, मी तिथंच राहिलो. मी मावशींकडून एक रुपया जास्त घेतला नाही. छापील किंमत, पक्कं बिल. भावात मी कांटच्या दुकानदाराइतका सरळ होतो. लबाडी केली ती सल्ल्यात, आणि सल्ल्याची छापील किंमत कुठंच नसते.

मला विचारायचंय ते असं. पीक वाचलं, बाई खूश, दुकान चाललं, मग चूक नेमकी कुठं झाली? आणि पुढच्या हंगामात याच काउंटरवर बसून मी वेगळं वागायचं कसं?

कास्तकार_पुसदकडचा :

दादा, तुमी हे लिवलं हेच लय झालं. पन मी काउंटरच्या अलीकडून सांगतो.

मी दुकानावर जातो तवा माह्या नावावर पहिलेच पंधरा-अठरा हजार उधारी असते. दुकानदार रॅकवरून जे काढून ठेवते ते मी पिशवीत घालतो. "हे काहून देता, ते सस्तं द्या" असं म्हनाची हिंमत नाई होत. दुकानदार नाराज झाला तं पुढच्या पेरनीले बियानं कोन देईन? रोखीवाला मानूस तीन दुकानं फिरून इचारते. उधारीवाला एकाच दुकानात जाते, अन् मान हालवते.

मावशीनं तुमाले हो म्हनलं. पन ते हो उधारीचं होतं. तुमची चूक मले तिथं दिसते.

खत_बियाणे_वाशीम :

मीही याच धंद्यात आहे, वीस वर्षं. तुमचं मन चांगलं आहे, पण तुम्ही स्वतःला जरा जास्तच टोचून घेताय.

बाहेरच्या लोकांना आमचा हिशेब माहीत नसतो. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशाला विकायची. त्यात हमाली, गाडीभाडं, विक्री नोंदवायच्या पॉस मशीनवर एकेकाचा अंगठा. सुटतं काय? वर युरियाची गाडी हवी असेल तर सोबत न खपणारा माल उचला, हे लिंकिंग. करू नका म्हणून सरकार दर वर्षी बजावतं आणि दर वर्षी जूनमध्ये ते होतंच. तो माल आमच्या गोदामात पडतो, त्याचे पैसे आम्ही आगाऊ भरलेले असतात. गावाची लाखांची उधारी अंगावर, त्यातली काही कधीच येत नाही. ज्या घरात वाईट घडलं तिथं वही घेऊन कोण जाईल? मी गेलो नाही.

टॉनिकवर दोन पैसे सुटतात म्हणून युरिया उधार देता येतो. ते बंद केलं तर मी बंद, आणि मी बंद झालो तर तोच कास्तकार सावकाराच्या ओट्यावर. त्या टॉनिकनं मावशींचं वाकडं काही झालं नाही. माझा पुतण्या पुण्यात शिकतो, तो सांगतो की अमेरिकेतले मोठे अर्थतज्ज्ञ फ्रीडमन यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय, नफा वाढवणं हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. बाकीचं सरकारनं पाहावं.

वाणिज्य_अमरावती :

हा विषय मी शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

वाशीमकर, फ्रीडमन यांचं वाक्य अर्धं फिरतं. नफा मिळवा, पण खेळाच्या नियमात राहून, खुल्या स्पर्धेत, फसवणूक न करता, ही अट त्यांनी स्वतःच घातलेली आहे. औषधाची गरज नाही हे माहीत असून ते गरजेचं आहे असं भासवणं त्या अटीत बसत नाही. नफ्याची सगळ्यात कडक बाजू घेणारा माणूसही इथं तुमच्या बाजूनं उभा राहत नाही.

तुमचा खरा युक्तिवाद उपयुक्ततावादाचा आहे. इंग्लंडात बेंथम आणि नंतर मिल यांनी तो मांडला. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं ज्यात होतं ते योग्य. दुकान टिकलं तर गावाचं भलं, म्हणून टॉनिक क्षम्य. हा विचार हलका नाही. कृषी खातं आणि विद्यापीठ सांगतात ती आर्थिक नुकसानीची पातळी हा याच विचाराचा शेतातला अवतार आहे. अळीच्या पतंगांना वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारा, नाहीतर फवारणीचा खर्च नुकसानीपेक्षा जास्त. अगोदर मोजा, मग मारा.

पण मोजायचं तर सगळं मोजावं लागतं. मावशींचे दोन हजार वर गेले. त्यांचा अनुभव चुकीचा तयार झाला, पुढच्या वर्षी पानं लाल पडली की त्या तेच टॉनिक मागतील. बाजारात दहा जणांनी ऐकलं, तेही मागतील. मित्रकिडी मेल्या. हे सगळं एका पारड्यात घातलं तर टूरचं पारडं वर जातं. आपण हिशेब मांडतो तेव्हा स्वतःचा फायदा पहिल्या ओळीत लिहितो आणि दुसऱ्याचं नुकसान लिहायच्या आधी पान संपतं. उपयुक्ततावादाला ही खोड फार लवकर लागते.

कांट तुम्हाला वेगळं विचारेल. सगळ्याच कृषी केंद्रांनी स्कीम पाहून सल्ला द्यायचा असा नियम झाला तर? मग कोणाच्याच सल्ल्याला अर्थ उरणार नाही, आणि ज्या विश्वासावर तुमची बाटली खपली तो विश्वासच संपेल. खोटा सल्ला खरे सल्ले जिवंत आहेत तोवरच चालतो. त्याचं दुसरं म्हणणं तर पुसदच्या दादांनी आपल्या भाषेत सांगूनच टाकलं. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. उधारीचं हो म्हणजे तेच. तिला नाही म्हणायची मोकळीक नव्हती, म्हणून तिच्या होकाराला होकार म्हणता येत नाही. हे मी वर्गात इतकं नीट कधी सांगू शकलो नाही.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल कृतीपेक्षा माणसाकडे पाहतो. सद्गुण सवयीनं अंगी मुरतो, दुर्गुणही. पहिल्यांदा अशी बाटली काढताना हात अडखळतो. पाचव्यांदा अडखळत नाही. तुमचा हात अजून अडखळतो, ते जपा.

पवनारची_वाट :

वर्ध्याकडचा आहे, वय झालंय. सरांनी छान समजावलं. पण इतके सिद्धांत एकापुढे एक मांडले की माणूस आपल्या सोयीचा उचलतो, ही भीती मला वाटते.

गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले. त्याच्याही आधी, १९२५ मध्ये, त्यांनी सात सामाजिक पापांची यादी छापली होती, त्यात नीतीवाचून व्यापार हे एक. त्यांनी सांगितलेली विश्वस्ताची कल्पना मला या प्रकरणात लागू वाटते. पैसा, माल, ज्ञान ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं ते इतरांची ठेव म्हणून सांभाळायचं. लोक म्हणतात ही कल्पना धनिकांच्या सोयीची आहे, आणि त्यात तथ्य आहे, कारण विश्वस्तानं अफरातफर केली तर पकडणार कोण याचं उत्तर तिच्यात नीट सापडत नाही. तरी काउंटरवरच्या माणसाकडे एक ठेव नक्की असते. पान पाहून रोग ओळखायची नजर. मावशींनी तुमच्याकडे पानं आणली म्हणजे ती नजर वापरायला मागितली. तुम्ही ती वापरलीत, उत्तर मिळवलंत आणि ते आपल्याजवळच ठेवलंत.

पंपवाल्याचा_पोरगा :

तीन दिवस हा धागा वाचतोय. कोणी एकानं तरी विचारेल म्हणून थांबलो होतो. कोणी विचारलं नाही.

सहाशे लिटर पाणी पाठीवर कोणी वागवलं?

वर सगळ्यांनी हिशेब मांडला. दुकानदार, कंपनी, मावशी, गाव, मित्रकिडीसुद्धा आल्या. फवारणारा आला नाही. मावशी चार एकरात स्वतः पंप घेऊन फिरल्या नसतील. चाळीस पंप कोणीतरी मारले असतील. कोणी मजूर, पंपाच्या हिशेबानं मजुरी घेणारा. पंपाच्या हिशेबानं मजुरी असली की माणूस वारा पाहत नाही, तोंडाला फडकं बांधायला थांबत नाही, कारण जितके पंप तितके पैसे.

माझे वडील पंप मारायचे. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. २० हून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळीचा जोर होता, हवा कोंदट होती, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची पद्धत पडली होती. उंच पऱ्हाटीत वर तोंड करून मारलं की फवारा तोंडावरच पडतो. वडील घरी आले ते भिंत धरत. दिसत नाही म्हणाले. अठरा दिवस दवाखान्यात होते. जगले, पण उजव्या डोळ्याची नजर पूर्ण आली नाही, आणि त्यांनी पंप पुन्हा घेतला नाही.

त्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध मारत होते? आम्हाला माहीत नव्हतं. कास्तकारानं डब्यात ओतून दिलेलं. कास्तकाराला विचारलं, तो म्हणाला दुकानदारानं दिलं ते. दुकानदार म्हणाला, मी वेगवेगळं दिलं, एकत्र करा म्हणून नाही सांगितलं. तिघंही खरं बोलत होते. मी आजपर्यंत कोणावर राग धरून नाही. पण ज्या वावरात गरज नव्हती त्या वावरात कीटकनाशक गेलं असेल तर ते कोणाच्या तरी पाठीवरून गेलं, एवढं तुमच्या हिशेबात लिहा.

आणि वाशीमकर काका, टॉनिकनं वाकडं काही झालं नाही असं तुम्ही लिहिलंत. जोडीच्या कीटकनाशकाचं काय, ते कोणी पाहिलं?

उपकेंद्रातून :

आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. वरच्या भावाचं वाचून हात थांबले.

हंगामात असे पेशंट आधी आमच्याकडे येतात. मळमळ, घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या. आम्ही पुढं पाठवतो. औषध कोणतं हे कळणं खरंच महत्त्वाचं असतं. काही गटांच्या विषावर ॲट्रोपिन देता येतं. काहींवर नेमका उताराच नाही, लक्षणं पाहूनच उपचार करावे लागतात. दोन-तीन एकत्र केलेली असली की डॉक्टरही अडतात. म्हणून कळकळीनं सांगते, पेशंट आणताना बाटली किंवा तिच्यासोबतचं माहितीपत्रक घेऊन या. बाटलीवरच्या चौकोनाचा रंग पाहून ठेवा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग अक्षरओळख नसलेल्यालाही कळावा म्हणून आहे, पण औषध दुसऱ्या डब्यात ओतलं की तो रंग घरीच राहतो.

सरांनी एवढी नावं घेतली त्यात एक राहिलं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी मांडलं की नीतीचा विचार नियम आणि हिशेब इथंच संपत नाही. कोण कोणावर अवलंबून आहे, कोणाची काळजी कोणाकडे आहे, तिथूनही तो सुरू होतो. हे आमच्या प्रशिक्षणात एका मॅडमनी सांगितलं होतं. काउंटरवर उभी असलेली मावशी दिसते. तिच्यामागं उभा असलेला माणूस दिसत नाही, पण तोही तुमच्यावरच अवलंबून आहे.

वाणिज्य_अमरावती :

पंपवाल्याच्या मुलानं माझी चूक दाखवली, ती मान्य करतो. सगळं मोजावं लागतं असं मी लिहिलं आणि ज्याच्या शरीरावर हे घडतं त्यालाच मोजलं नाही.

हीच चूक टळावी म्हणून अमेरिकेतले तत्त्ववेत्ते जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये एक युक्ती सुचवली होती. नियम ठरवायला बसताना आपल्यावर अज्ञानाचा पडदा आहे असं समजा. उद्या या गावात तुम्ही कोण म्हणून जन्माल हे तुम्हाला माहीत नाही. दुकानदार, कंपनीचा माणूस, चार एकरवाली मावशी, की पंप मारणारा पोरगा. मग ठरवा, कृषी केंद्रात सल्ला कसा द्यावा. आपण पंपवाले निघू शकतो एवढ्या एका शक्यतेपायी सगळे म्हणतील, गरजेशिवाय विषारी बाटली काउंटरवरून हलता कामा नये. टॉनिकच्या पैशांवर तरी वाद होईल. कीटकनाशकावर होणार नाही.

व्यवस्थापनाचे अभ्यासक फ्रीमन यांनी १९८४ मध्ये धंद्याशी हितसंबंध असलेल्या सगळ्यांचा विचार मांडला, तोही मी दर वर्षी शिकवतो. फळ्यावर गोल काढतो, मालक, गिऱ्हाईक, कामगार, पुरवठादार, समाज. फवारणारा या गोलात कुठं येतो? तो दुकानदाराचा कामगार नाही, गिऱ्हाईकही नाही. या वर्षी फळ्यावर त्याच्यासाठी वेगळा गोल काढीन.

काउंटरवरून :

उत्तर द्यायला उशीर झाला. पंपवाल्याच्या मुलाचं लिहिणं वाचल्यावर दोन दिवस मोबाईल बाजूला ठेवला होता.

दादा, मी विचार केला नव्हता. मावशींचे पैसे, माझी टूर, मुलीसमोरची लाज, हे सगळं मनात होतं. मारणारा कोण हे माझ्या मनातच आलं नाही. अकरा वर्षं विष विकतोय आणि आलं नाही. २०१७ मध्ये माझं दुकान चालू होतं. त्या वर्षी तपासणीला अधिकारी आले तेव्हा माझी भीती परवान्याची होती.

काय करता येईल ते इथं मांडतो, चुकत असेल तर सांगा. आम्हा दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा 'देसी' नावाचा वर्षभराचा डिप्लोमा असतो. मी केलाय. त्यात हे सगळं शिकवलं होतं, म्हणजे अज्ञान हे कारण मला सांगता येत नाही. पुढच्या खरिपापासून कीटकनाशकाच्या प्रत्येक बिलासोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी देणार. रोग किंवा कीड कोणती, औषध कोणतं, पंपाला किती, चौकोनाचा रंग कोणता, कशात मिसळायचं नाही. एक प्रत माझ्याकडे. चिठ्ठीवर रोगाचं नाव लिहावं लागलं की खोटं लिहिताना हात थांबेल. भादव्यात मी मावशींना तोंडी सांगितलं होतं, कुठंच काही लिहिलेलं नाही.

बाटल्यांच्या संख्येवरच्या टूर-स्कीम घेणार नाही. यात तोटा आहे, आणि तो मी किती वर्षं सोसू शकेन हे आज सांगत नाही.

मावशींना सांगायचं की नाही, इथं अडलोय.

खत_बियाणे_वाशीम :

पंपवाल्या पोरा, तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्या वडलांना माझा नमस्कार सांग.

चिठ्ठीची कल्पना मी घेतो. त्यात एक जोडा. कास्तकार म्हणाला की शेजारच्यानं अमुक मारलं, मलाही तेच द्या, तर चिठ्ठीवर 'मागणीवरून' असं लिहा. निम्मी विक्री तशीच होते आणि तिथं आपण सल्ला दिलेलाच नसतो. हातमोजे, मास्क ठेवा. खपत नाहीत म्हणून मी ठेवणं बंद केलं होतं, आता कीटकनाशकासोबत फुकट देऊन पाहतो.

पण मावशींना सांगू नका. मनापासून सांगतो. वहीतून दोन हजार गुपचूप कमी करा, कंपनीची सूट आली म्हणा. खरं सांगाल तर त्या कृषी केंद्राच्या सल्ल्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत, आणि खऱ्या रोगाच्या वेळी तुम्ही खरं सांगाल ते ऐकणार नाहीत. तुमचं ओझं उतरेल, नुकसान त्यांचं होईल.

कास्तकार_पुसदकडचा :

काकाजी, मले हे पटत नाई. गुपचूप पैसे कमी केले तं मावशी पुढच्या साली पुन्हा तेच टॉनिक मांगन. अन् गावात सांगत फिरन का भाऊनं सूट देली. म्हंजे तुमी दुसऱ्यांदा तेच केलं. लाल्या काहून येते, मॅग्नेशियम कवा माराचं, हे तिले समजलं पाहिजे. ते तिच्या हक्काचं हाये, पैशापेक्षा जास्त. बिलाचे पैसे एका सालाचे. पान वळखता आलं तं जलमभर कामी येते.

इश्वास तुटन तं तुटू द्या. कास्तकाराले दुकानदाराचं सगळं खरं वाटनं काई चांगली गोष्ट नाई.

उपकेंद्रातून :

दादांशी सहमत. आणि जाल तेव्हा फवारलं कोणी होतं ते विचारा.

काउंटरवरून :

काल गेलो होतो. जसं झालं तसं लिहितो.

सोबत वही नेली, मॅग्नेशियमची एक पुडी नेली. मावशी अंगणात तुरी झोडपत होत्या. चहा ठेवायला उठल्या, मी म्हटलं आधी ऐका. सगळं सांगितलं. स्कीम, टूर, रॅकवरच्या पुड्या. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "तं मंग ते हिरवं कशानं झालं?" म्हटलं, पाणी निथळलं आणि ऊन पडलं म्हणून. त्या बराच वेळ काठीनं तुरी चाळवत राहिल्या.

लाल्याचं सांगितलं. खोलगट वावरात पाणी साचलं की मुळं श्वास घेत नाहीत, आधी चर काढून पाणी काढायचं, मग मॅग्नेशियम, तेही लाली पसरायच्या आधी. पुडी हातात दिली. त्यांनी ती उघडून मीठ पाहावं तशी पाहिली, "एवढंच?" म्हणाल्या. ते एवढंच मला फार लागलं.

वहीतले २,३४० रुपये त्यांच्यासमोर खोडले. मग फवारणाऱ्याचं विचारलं. त्यांच्याच वेटाळातला पोरगा, एकोणीस-वीस वर्षांचा. दोन दिवसांत चाळीस पंप मारले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांची आग होते म्हणून आला नाही, चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात गेला. मावशी म्हणाल्या, "तं त्या पोरानं ते फुकटच पाठीवर वागवलं म्हना." मी मान खाली घातली.

त्याच्या घरी गेलो. तो वीटभट्टीवर गेलाय, घरी आई होती. तिला सांगायला सुरुवात केली तर ती घाबरली, पोरानं काही चोरलं की काय असं वाटलं तिला. समजावता समजावता पुरेवाट झाली. शेवटी म्हणाली, होळीला येते तो, तवा तुमीच सांगा त्याले.

होळीला जातो. चिठ्ठीचा नमुना छापायला टाकलाय, हातात आला की इथं टाकतो. पंपवाल्याच्या मुला, त्यात फवारणाऱ्याचं नाव लिहायला एक ओळ ठेवलीय. ती कास्तकारानं माझ्यासमोर भरायची, की घरी जाऊन, हे तू सांग.